रातांधळेपणाची वंशावळ

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात दिवाळी आटोपली की वस्त्या, तांडे, गावे रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ऊसतोडीचे काम पहाटे अंधारातच सुरू होते आणि गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्री कधीही येते. ज्याला दिवस मावळल्यावर दिसत नाही, त्याची या धंद्यात मोठी परवड होते. दिवसा तो चारचौघांच्या बरोबरीने राबतो. अंधार पडला की सरीत अडखळतो, फडातून गाडीपर्यंत जायला बायकोचा नाहीतर पोराचा हात धरतो. मुकादमाला वाटते, गडी अंग चोरतोय. गावाकडची माणसे मात्र सहज सांगून जातात : रातांधळा आहे तो, त्याचा आजाही तसाच होता.

आजाही तसाच होता, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. असे का होते, याचे उत्तर शोधायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली. त्या शोधाचा मोठा भाग बर्लिन, बोस्टन, फिलाडेल्फिया अशा दूरच्या शहरांत घडला. पण त्यातली काही महत्त्वाची पाने मुंबई, पुणे, नागपूर आणि हैदराबादेत लिहिली गेली आहेत. गोदाकाठच्या माणसाने ती वाचायला हवीत, कारण ती त्याच्याच डोळ्यांविषयी आहेत.

भुकेचा आणि रोगाचा अंधार

गेवराई १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आली आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. या साऱ्या काळात इथे माणूस आंधळा होण्याची कारणे डोळ्यांसमोर ढळढळीत होती. देवी आल्या की लेकरू दगावायचे, नाहीतर एखादा डोळा घेऊन वाचायचे. खुपऱ्यांनी पापण्या आत वळायच्या आणि केस घासून घासून बुबुळावर फूल पडायचे. म्हातारपणी मोतीबिंदू पिकायचा. आणि दुष्काळ पडला की पोरे रातांधळी व्हायची. दूध नाही, पालेभाजी नाही, त्यामुळे शरीरातले अ जीवनसत्त्व संपायचे. आधी रात्रीचे दिसणे जायचे, मग बुबुळ कोरडे पडून विरघळायचे.

भुकेने येणाऱ्या या रातांधळेपणाचा इलाज आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचे यकृत सांगितले आहे, आणि खेड्यापाड्यांत रातांधळ्याला बोकडाची कलेजी खाऊ घालायची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत होती. यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, हे रसायनशास्त्राला कळायच्या कितीतरी आधी तो उपाय चालत आला होता.

१९०० सालच्या दुष्काळाने निराधार झालेल्या अंध मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत शाळा काढली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. या शाळांनी मुलांना ब्रेल शिकवले, हाताला काम दिले. मूल आंधळे का झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी खोलात जाऊन विचारत नसे. दुष्काळ आणि देवी ही दोन उत्तरे पुरेशी वाटत.

स्वातंत्र्यानंतर या अंधाराशी सरकारने एकेका आघाडीवर लढा दिला. १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस ठरावीक काळाने पाजला तर मुलांचे डोळे वाचतात, हे प्रत्यक्ष खेड्यांत तपासून दाखवले. त्याच पायावर १९७० मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांना दोन लाख युनिटांचा डोस द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. लगेच पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ कोसळला. बीड जिल्हा त्यात होरपळून निघाला. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि रोजगाराच्या कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी गेवराईकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतात. राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या दुष्काळात लोक जगले, हे या कामांचे यश. मुलांच्या ताटात मात्र दूध-भाजी नव्हतीच.

१९७५ मध्ये देवीचा शेवटचा रोगी भारतात नोंदला गेला. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशातले अंधत्व १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट होते. १९७० च्या दशकातच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुढे जे. जे. रुग्णालयात नावाजलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी उमेदीच्या काळात तिथेच काम केले. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा धडाका सुरू झाला. शिबिरे भरली, हिरव्या पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्या एसटीने गावोगाव परतल्या आणि आठ दिवसांनी सुईत दोरा ओवू लागल्या.

या सगळ्या कामाने अंधत्वाचा एक मोठा थर दूर झाला, आणि त्याच्या खाली दुसरा थर दिसू लागला. कलेजीने, डोसाने, शस्त्रक्रियेने न हटणारा असा तो होता. तो पूर्वीही होता, पण भुकेच्या आणि रोगांच्या गर्दीत कोणी वेगळा ओळखला नव्हता.

पडद्यावरची काळी नक्षी

हा दुसरा रातांधळेपणा ओळखायचा तर डोळ्याच्या आत पाहावे लागते, आणि जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहणे १८५० पर्यंत कोणाला साधलेले नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झने आरसा आणि भिंग जुळवून एक छोटे उपकरण केले आणि १८५१ मध्ये त्याविषयी पुस्तिका छापली. बाहुलीतून प्रकाश आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशातून मागचा पडदा बघायचा, एवढीच त्याची युक्ती. दहा वर्षांच्या आत नेत्रवैद्यक पार बदलून गेले.

निरोगी पडदा नारिंगी-तांबूस दिसतो. मध्ये दृष्टिनाडीची फिकट गुलाबी चकती असते आणि तिच्यातून रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या चारी दिशांना पसरतात. या रातांधळेपणाच्या रोग्यांत डॉक्टरांना वेगळेच दिसले. पडद्याच्या कडेकडेने काळे ठिपके, एकमेकांना जोडलेले, हाडाच्या पेशींसारखे आकार घेतलेले. रक्तवाहिन्या सुतासारख्या बारीक. चकती मेणासारखी पिवळट. डच वैद्य डोंडर्स यांनी १८५० च्या दशकात या रोगाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हे नाव दिले. नेत्ररुग्णालयांत त्याला आज सरसकट आर. पी. म्हणतात.

या रोगात आधी दंडपेशी मरतात. मंद उजेडात बघायचे काम याच करतात, आणि एका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी असतात. त्या पडद्याच्या मध्यभागाबाहेर दाट असल्याने नजर बाहेरून आत आक्रसत जाते. भर दुपारी समोरचे अक्षर स्पष्ट वाचणारा माणूस बाजूने आलेल्या बैलाला धडकतो, तो यामुळेच.

१८६१ मध्ये बर्लिनच्या रिखार्ड लीबराइख या नेत्रवैद्याने एक साधी गोष्ट केली. शहरातल्या मूकबधिरांचे डोळे त्याने उपकरण लावून तपासले. काही जणांच्या पडद्यावर ती काळी नक्षी निघाली. मग त्याने घरची चौकशी केली. त्यांतल्या अनेकांचे आईबाप एकमेकांच्या नात्यातले होते, चुलत-मावस भावंडांची लग्ने झालेली. मेंडेलचे वाटाण्यांवरचे संशोधन तेव्हा छापलेही गेले नव्हते. जनुक ही कल्पनाच जगाला माहीत नव्हती. तरीही नात्यातले लग्न आणि पडद्याचा रोग यांचा धागा लीबराइखच्या हाती लागला, कारण त्याने डोळ्याबरोबर घराणेही तपासले. या इतिहासात पुढे जे जे मोठे घडले, ते याच वाटेने.

मामाची मुलगी

आपल्या भागात मामाची मुलगी करणे ही रीतच आहे. आतेभावाचा मामेबहिणीवर हक्कच मानला जातो. काही समाजांत तर मामाच भाचीशी लग्न करतो. जमीन घरात राहते, सून परकी वाटत नाही, लेकीला माहेरचेच माणूस सासू म्हणून मिळते. गरिबीत या गोष्टींना फार मोल असते. हुंड्याचा बोजाही त्यामुळे हलका होतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात या रीतींचा नकाशाच मांडला. उत्तरेत नात्यातले लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या सांध्यावर. मराठी मुलखात मामेबहीण चालते, पण आत्याची मुलगी पुष्कळ समाजांत चालत नाही. कर्नाटक-तेलंगणाकडे सरकत जावे तसे मामा-भाचीचे लग्नही दिसू लागते. मराठवाडा अगदी या सांध्यावर बसलेला आहे.

त्याच दशकात मुंबईत हाच विषय दुसऱ्या बाजूने उघडला गेला. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधले एल. डी. संघवी यांनी १९५६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मुंबईतल्या बारा अंतर्विवाही गटांत नात्यातली लग्ने किती होतात, हे मोजून प्रसिद्ध केले. त्याआधी १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधला, की जो वरवर ओ वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. जगभर तो आज बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तेच दुर्मीळ जनुक आले, तरच तो प्रकट होतो. एकीकडूनच आले तर माणूस ते आयुष्यभर बाळगतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

पडद्याच्या पुष्कळ आनुवंशिक रोगांचा हिशेब अगदी असाच आहे. आपल्यातल्या प्रत्येकाकडे काही बिघडलेली जनुके असतात. जोडीतले दुसरे जनुक चांगले असते, म्हणून काम भागते. नवरा-बायको परकी असतील तर दोघांकडे नेमके तेच बिघडलेले जनुक असण्याचा योग विरळा. पण आतेभाऊ-मामेबहिणीला ते एकाच आज्याकडून किंवा आजीकडून मिळालेले असू शकते. सख्ख्या आते-मामेभावंडांची आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात, मामा-भाचीची चौथा हिस्सा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल रोगी निघण्याचा धोका चारात एक. आईबाप धडधाकट, दोघांनाही रात्री स्वच्छ दिसते, आणि पोटच्या दोन लेकरांना दिसत नाही, हे कोडे असे सुटते.

सगळी घराणी अशीच नसतात. काही घराण्यांत एकच बिघडलेले जनुक रोगाला पुरते. मग आजा, बाप, मुलगा अशी साखळी दिसते. काहींत ते आईकडच्या एक्स गुणसूत्रावर असते. तेव्हा आईच्या बापाला रोग असतो, आई बहुधा ठीक असते आणि तिच्या मुलांपैकी एखादा रातांधळा निघतो. म्हणून 'आजाही तसाच होता' असे कोणी म्हटले, की कोणता आजा, आईकडचा की बापाकडचा, हे विचारायचे असते. त्यावर रोगाची जात ठरते आणि पुढच्या पिढीचा धोकाही.

नात्यात लग्न केले म्हणजे रोग ठरलेलाच, असे मात्र मुळीच नाही. अशा जोडप्यांची बहुसंख्य मुले निरोगी असतात. सर्वसाधारण जोडप्याच्या मुलांत जन्मजात दोषाचा जो धोका असतो, तो सख्ख्या आते-मामेभावंडांच्या लग्नात साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. आणि नात्यातले लग्न टाळले म्हणून धोका संपतो, असेही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कुमारसामी तंगराज आणि हार्वर्डमधले डेव्हिड राईख यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांची जनुके तपासून दाखवले, की त्यांतल्या ८१ गटांची मुळे फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा पूर्व युरोपातल्या ज्यूंपेक्षाही थोड्या पूर्वजांत एकवटलेली आहेत. कैक पिढ्या जातीतच लग्ने होत गेली, की नाते विसरले तरी जनुके सामाईक राहतात.

महाराष्ट्राने मोजलेले डोळे

१९९५ मध्ये भारतातल्या नऊ राज्यांतल्या अंधशाळांमधल्या १,३१८ मुलांच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक मूल तपासून डोळ्याचा नेमका कोणता भाग निकामी आहे, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या एका ठरावीक तक्त्यात नोंदले होते. २६.४ टक्के मुलांचे डोळे बुबुळाच्या व्रणांनी, मुख्यतः अ जीवनसत्त्वाच्या अभावाने गेले होते. १९.३ टक्के मुलांत पडद्याचे आनुवंशिक रोग आणि वर्णहीनता आढळली. २०.७ टक्के मुलांचे डोळे गर्भातच नीट घडलेले नव्हते.

मग २००७ मध्ये महाराष्ट्राचे आकडे आले. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयातले डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या ३५ अंधशाळा पालथ्या घातल्या. दृष्टी गेलेल्या किंवा फारच अधू असलेल्या १,७७८ मुलांपैकी ४१.३ टक्क्यांचे डोळे जन्मापासूनच लहान किंवा अपुरे होते, काहींना डोळाच नव्हता. बुबुळाचे विकार २२.२ टक्क्यांत होते. ११.२ टक्के मुलांचे पडदे रोगट होते, बहुतेकांत कारण आनुवंशिक.

या आकड्यांमागे गर्भातल्या काही आठवड्यांची गोष्ट आहे. डोळा घडायला सुरुवात होते ती गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळायच्याही आधी. मेंदूतून दोन फुगे बाहेर येतात, त्यांची वाटी होते, वाटीच्या तळाला एक फट राहते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास ती सांधली जाते. ती सांधली नाही, तर डोळ्याच्या थरांत कायमची खाच राहते. हे काम पॅक्स-६, सॉक्स-२ अशा जनुकांच्या हुकमाने चालते. पॅक्स-६ इतके जुने आहे, की १९९५ मध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत माशीतल्या त्याच जनुकाने माशीच्या पायांवर आणि पंखांवर जादा डोळे उगवले. माणसात ते बिघडले, तर बाहुलीभोवतीचे रंगीत कडेच तयार होत नाही. जन्मतः अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक डोळ्याचे कारण जनुकात नसते. गरोदरपणी आईला झालेला जर्मन गोवर किंवा पोषणाची तूट यांनीही तसे होते. म्हणून अशा मुलाच्या घरी विचारपूस करताना गरोदरपणाची हकीकत आणि घराण्याची हकीकत, दोन्ही विचारावी लागतात.

मोठ्या माणसांचे डोळे नागपूरजवळ मोजले गेले. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या मानहाइमचे प्रा. योस्ट योनास यांनी नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत ३० वर्षांपुढच्या ४,७११ स्त्री-पुरुषांना तपासले. डोळ्याची लांबी, बुबुळाची जाडी, दाब, दृष्टिनाडीची चकती, पडदा, सगळे. डोळ्याची सरासरी लांबी भरली २२.६ मिलिमीटर. उंच माणसांचे डोळे थोडे लांब होते. याच पाहणीतून २०१२ मध्ये आर. पी. विषयीचा निष्कर्ष बाहेर आला : साधारण ७५० माणसांमागे एक रोगी. जगात सर्वसाधारणपणे चार हजारांमागे एक धरतात. दक्षिणेतल्या एका पाहणीत चाळिशीपुढच्या ग्रामीण लोकांत ३७२ मागे एक असे प्रमाण निघाले होते.

विदर्भातल्या त्या खेड्यांवरून गेवराईचा नेमका आकडा काढता येणार नाही. पण ज्या भागात नात्यातली लग्ने अधिक आहेत आणि जातीबाहेर लग्न अजूनही अपवाद आहे, तिथे हा रोग विरळ समजून सोडून देणे परवडणारे नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

दोन रातांधळेपणांचे एकच मूळ

भुकेचा रातांधळेपणा आणि रक्तातला रातांधळेपणा हे आतून किती जवळ आहेत, ते जॉर्ज वॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामाने उघड केले. १९३३ मध्ये त्याला पडद्यातच अ जीवनसत्त्व सापडले. दंडपेशीत रोडॉप्सिन नावाचे प्रथिन असते आणि अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू त्याला चिकटून असतो. प्रकाश पडला की रेणू आकार बदलतो, मेंदूला संदेश जातो आणि रेणू सुटून मागच्या थरात परततो. तिथे त्याची दुरुस्ती होते, मग तो पुन्हा कामाला येतो. हे काम विहिरीवरच्या मोटेसारखे चालते. मोट थारोळ्यात रिकामी झाली, की पुन्हा खाली उतरल्याशिवाय पुढचे पाणी मिळत नाही. दुष्काळात विहीरच आटते, तो भुकेचा रातांधळेपणा. या शोधासाठी वॉल्डला १९६७ मध्ये नोबेल मिळाले.

१९९० मध्ये थॅडियस ड्रायजा यांच्या बोस्टनच्या गटाने आर. पी. च्या काही घराण्यांत रोडॉप्सिनचेच जनुक बिघडलेले दाखवले. म्हणजे पाणी आहे, पण मोट फाटकी. १९९७ मध्ये आर. पी. ई. ६५ हे जनुक बिघडल्याने लहानपणीच दृष्टी जाते, हे कळले. मागच्या थरात रेणू दुरुस्त करायचे काम याच जनुकाचे. ते बिघडले, की रिकामी मोट वरच अडकून राहते. विहीर तुडुंब असली तरी डोळ्याला काही मिळत नाही. कलेजी खाऊनही काहींचा रातांधळेपणा का हटत नव्हता, ते असे रेणूच्या पातळीवर समजले.

इथून पुढे इतिहासाने वेग घेतला. याच जनुकाच्या दोषाने आंधळ्या जन्मलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत चांगले जनुक निरुपद्रवी विषाणूवर बसवून सोडले, आणि २००१ मध्ये कुत्री पाहू लागल्याचे प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे निकाल आले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला लक्सटर्ना नावाने मान्यता दिली. तेव्हा किंमत ठरली दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर. पडद्याच्या रोगांशी जोडलेली जनुके आता अडीचशेच्या वर माहीत आहेत. हे औषध त्यांतल्या एकावर चालते.

आणखी एक गोष्ट २००५ मध्ये स्पष्ट झाली. म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा जो रोग असतो, त्याचा धोका सी. एफ. एच. नावाच्या जनुकातल्या एका फरकाने वाढतो, असे तीन गटांनी एकाच वेळी दाखवले. इथे जनुक रोग ठरवत नाही, पारडे थोडे झुकवते. त्याच पारड्यात धूम्रपान भर टाकते. घराण्याकडून आलेले बदलता येत नाही, पण विडी सोडता येते.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. चित्रा कण्णबिरान यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी नात्यातली लग्ने झालेल्या भारतीय घराण्यांचाच आधार घेऊन बिघडलेली जनुके हुडकली. रोगी भावंडांत जनुकांचा जो तुकडा आईकडून आणि बापाकडून हुबेहूब सारखा आलेला असतो, तिथेच शोध घ्यायचा. ज्या रीतीने रोग आला, तिनेच त्याचा माग काढायला मदत केली.

तीन प्रश्न

इतके कळूनही गेवराईच्या रातांधळ्या माणसापर्यंत यातले फार थोडे पोचते. त्याचे कारण आपल्या शिबिरांच्या पद्धतीत आहे. ती मोतीबिंदूसाठी घडली. दिवसाउजेडी, सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावून. आर. पी. च्या रोग्याची समोरची नजर बरीच वर्षे शाबूत असते. तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, 'डोळे चांगले आहेत' असे ऐकून घरी जातो आणि रात्री पुन्हा चाचपडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांच्या आत आक्रसले तर ते अल्पदृष्टीत आणि १० अंशांहून कमी झाले तर अंधत्वात धरले आहे. म्हणजे तक्ता वाचू शकणाऱ्यालाही दाखला मिळू शकतो. त्यासाठी कोणीतरी त्याच्या दृष्टीचे क्षेत्र मोजायला हवे.

याहून मोठा अन्याय घरात होतो. रातांधळे मूल जन्मले की बोट सुनेकडे जाते. तिच्या माहेरचे रक्त वाईट, तिने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, तिचे पाऊल वाईट. जनुकांचा हिशेब काय सांगतो? ज्या रोगात आईबाप दोघे निरोगी आणि मूल रोगी असते, तिथे बहुतेक वेळा दोघांचा वाटा सारखा असतो, आणि सून मामाचीच मुलगी असेल तर दोघांचे ते रक्त एकाच आज्या-आजीचे असते. आईकडून मुलाला येणाऱ्या प्रकारातही आईने काही केलेले नसते. तिला ते तिच्या जन्माबरोबरच मिळालेले असते. या इतिहासातून एकच गोष्ट आपल्या गावांत पोचवायची ठरवली, तर ती हीच असायला हवी. दीडशे वर्षांच्या संशोधनाने या बाईला निर्दोष ठरवले आहे, आणि तिला ते अजून कोणी सांगितलेले नाही.

लीबराइखने १८६१ मध्ये जे केले, त्याला फार खर्च लागत नाही. आशाताई घरोघर जाते, शाळेत आरोग्य तपासणी होते, कारखान्यावर जाणाऱ्या मजुरांची नोंद होऊ शकते. तिथे तीन प्रश्न विचारता येतात : दिवस मावळल्यावर दिसते का? घरात आणखी कोणाला असे आहे का, आणि ते आईकडचे की बापाकडचे? आईवडील लग्नाआधी नात्यातले होते का? उत्तरे वहीत लिहायची, चौकोन पुरुषाचा, वर्तुळ बाईचे, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, आणि असा कागद घेऊन रोग्याला अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे. तिथे अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे की पडद्याचा रोग, हे ठरते. पहिल्यावर स्वस्त इलाज आहे. दुसऱ्यात दाखला, अल्पदृष्टीची साधने, मुलाला अंधारात करावे लागणार नाही असा धंदा शिकवणे आणि पुढच्या लग्नाआधी घरच्यांशी नीट बोलणे, एवढे आजच करता येते. जनुक-उपचार स्वस्त होतील, तेव्हा कोणत्या घराण्यात कोणता दोष आहे, हे आधीच नोंदलेले असेल. देवी आणि भुकेच्या अंधाराशी आपण सरकारी यंत्रणेच्या आणि गावच्या माणसांच्या जोरावर लढलो. वारशाच्या अंधाराशी लढायला तीच माणसे पुरेशी आहेत. त्यांच्या हाती हे प्रश्न द्यायला हवेत.